अकरा नंबरचं मांजर आणि उशिरा झालेलं पान

मला रिकामी जागा बघवत नाही. हा माझा मूळ स्वभाव नाही, धंद्यानं लावलेली खोड आहे. शहापूरच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात मी खिळे जुळवायला लागले, तेव्हा शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सुमन, पानात नख शिरेल एवढीही फट राहता कामा नये." बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. अशी शेकडो अक्षरं ओळीत लावायची, लोखंडी चौकटीत घालून आवळायची, की झाला फर्मा. जिथे अक्षर नसेल तिथेही शिशाचे नाहीतर लाकडाचे तुकडे ठासायचे. एक फट राहिली तरी फर्मा उचलताना अख्खं पान पायावर सांडतं. माझं पहिल्याच महिन्यात सांडलं. कुठल्याशा सोसायटीचा अहवाल होता. दोन दिवस मी जमिनीवर बसून अक्षरं वेचत होते आणि शेठ खुर्चीवरून माझ्या माहेरचा उद्धार करत होते. तेव्हापासून फट दिसली की माझा हात काहीतरी कोंबायला जातो.

गिऱ्हाइकंही मला साजेशीच भेटली. लग्नपत्रिकेचं प्रूफ बघून किन्हवलीकडचा एक नवरदेवाचा बाप मला म्हणाला होता, "ताई, ह्या गणपतीच्या बाजूला एवढी जागा मोकळी हाय, तिथं दोन भाचं बसतील." बसवले मी. गणपतीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. तो माणूस खूश होऊन गेला आणि मलाही आपण काहीतरी साधलं असं वाटलं.

नव्वदीच्या मध्यावर शिसं गेलं, कॉम्प्युटर आला. शेठ म्हातारे झाले, छापखान्याचं डीटीपी सेंटर झालं आणि ते बघता बघता माझ्याच अंगावर पडलं. दोन हजार साल उलटलं तशी लोकांच्या तोंडी वेबसाइट आली. मी रविवारी कल्याणला एका क्लासला जायला लागले. वर्गात पंचवीस पोरं आणि चाळिशीला टेकलेली मी. तिथले सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, शहापूरला वेबसाइट काय करणार? वरीचे तांदूळ विकणार?" पोरं हसली. मीही हसले, पण ते बोलणं मला चांगलंच लागलं. पुढे जे घडलं त्यात ह्या लागण्याचा हात आहे, म्हणून सांगून ठेवते.

वेबसाइटचं पान कसं मांडायचं, ह्याची तेव्हा प्रत्येकाची वेगळी रीत होती. बहुतेक जण तक्ता आखायचे, त्याच्या रेघा लपवायचे आणि घराघरात मजकूर बसवायचे. कुणी डावीकडे यादी लावायचं, कुणी वर पट्टी. मला तक्ता पहिल्या दिवशी कळला. तो म्हणजे आपला फर्माच, फक्त काचेमागे. मग मी माझ्या रीतीनं तो आवळायला लागले. एका कोपऱ्यात फिरता दिवा, दुसऱ्यात सरकती ओळ, खाली किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. एका फार्महाऊसवाल्यासाठी मी पानात एवढं काही घातलं होतं की त्यालाच स्वतःचा फोन नंबर सापडेना.

अशा माझ्याकडे एका वर्षी दसरा झाल्यावर गुरुजी आले. सोबत त्यांच्या बायको, माई. मुरबाड तालुक्यात धसईच्या बाजूला त्यांचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली. मुरबाडला दोघांनी त्यांना 'मराठी अक्षरं नेटवर जमत नाहीत' म्हणून परत पाठवलं होतं. मग सरळगावला गाडी बदलून, किन्हवलीवरून एसटीचे धक्के खात ते शहापूरला पोचले. धोतर नव्हे, लेंगा-सदरा, खिशाला शाईचं पेन. दारातून आत येताना त्यांनी उंबऱ्यावर आधी पाय चाचपला आणि मग टाकला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यासमोर ठेवली. लाल समासाची, शाळेतली. आत चाळीस नोंदी. सगळ्या मांजरांवर.

"माझ्याकडे आजवर अकरा मांजरं झाली," गुरुजी म्हणाले. "नावं ठेवत नाही मी, हजेरीचे नंबर देतो. आता घरात आहे ती अकरा."

"आनि लेकीला हाक मारतो तसा तिला हाक मारतो," माई म्हणाल्या. "अकरा, चल गो, अकरा, जेव गो."

प्रत्येक नोंद एकाच साच्यात होती. काय पाहिलं, किती वेळा पाहिलं, कारण काय. मांजर उंचावरून पडताना उलटं होऊन पायांवर कसं येतं. ज्या फटीतून डोकं जातं तिथून सगळं अंग कसं जातं. मांजराचे कान एक पुढे आणि एक मागे, असे वेगवेगळे कसे वळतात. अर्ध्याहून जास्त नोंदींत कारणाच्या जागी लिहिलेलं: कळले नाही. मला हसू आलं. चाळीस वर्षं मांजरांकडे बघायचं आणि शेवटी कळले नाही म्हणून सही करायची. मी म्हटलं, "गुरुजी, ह्याचं पुस्तक काढा की. तेही करून देते मी."

"पुस्तक मला वाचता यायचं नाही," ते शांतपणे म्हणाले. "काचबिंदू आहे. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते उरेल तेवढे दिवस. आता वेळूच्या नळीतून बघावं एवढंच दिसतं. कागदावरचं बारीक तर नाहीच. पण मागे बँकेत गेलो होतो, तिथे त्या काचेवर मोठी अक्षरं होती, आतून उजेड असलेली. ती मला वाचता आली. सुमन, चाळीस वर्षं मी ही वही लिहिली, पण एकदाही सलग वाचली नाही. डोळे आहेत तोवर एकदा माझा मी वाचीन. नंतर ती नेटवर राहू दे. जगात कुणाला तरी कारणं ठाऊक असतील."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर या." आज ती साइट शोधलीत तर सापडणार नाही, नेटवर फुकट जागा देणाऱ्या कंपनीनं केव्हाच गाशा गुंडाळला. पण तेव्हा मला वाटलं होतं की ही आपल्या हातची सगळ्यात मोठी गोष्ट होणार. कल्याणच्या सरांना दाखवायला काहीतरी मिळालं.

मार्गशीर्षात गुरुजी पुन्हा आले. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि बाजूला उभी राहिले. तीन रकाने. वर सरकती ओळ, 'मांजरांचे अद्भुत विश्व'. डावीकडे चाळीस नोंदींची यादी, उजवीकडे डोळे मिचकावणारं मांजर, मध्ये मजकूर, चारी बाजूंनी वेलबुट्टी. बोट ठेवायला जागा नव्हती. गुरुजी पुढे वाकले. मग मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, वर, खाली. असं बराच वेळ चाललं. मग ते म्हणाले, "छान केलंयस गो."

मला राग आला. छान म्हणणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं. मी म्हटलं, "काय दिसत नाही ते सांगा. नुसतं छान म्हणू नका."

गुरुजी हसले. "विसावी नोंद बघ. मांजराला लांबचा उंदीर दिसतो, पण हनुवटीखाली पडलेला सुका जवळा दिसत नाही. एवढ्या जवळचं दिसायची सोयच नाही तिच्या डोळ्यांत. मग ती मिशा पुढे आणते, पंख्यासारख्या, आणि मिशांनी शोधते. तुझ्या पानात मजकूर कुठेतरी आहे हे मला कळतंय. पण माझी नळी एवढीशी. वेलीवरून मांजरावर जाते, मांजरावरून यादीत. ओळ सापडली तर तिचं दुसरं टोक सापडत नाही. आणि मला मिशा नाहीत."

माई म्हणाल्या, "एकदा घरी ये. मांजर बघ आधी. न बघताच काय लिवतेस तिच्यावर?"

पौषात मी गेले. मांजरांशी माझं कधी जमलं नव्हतं. छापखान्यात उंदरांसाठी एक ठेवलेलं होतं, ते कागदाच्या कप्प्यात व्यायचं आणि रिमंच्या रिमं खराब करायचं. तेव्हा मी आपली काम म्हणून गेले. परत आले तेव्हा मी वेगळी बाई होते, असं म्हटलं तर जास्त होईल, पण खोटं नाही होणार.

अकरा नंबर म्हणजे राखी रंगाची, लहानखुरी, अजिबात न बोलणारी मांजर. गुरुजींनी तिला हातांवर उताणी धरली. खाली भाताच्या पेंढ्याची गादी. "डोकं बघ, नुसतं डोकं," म्हणाले आणि हात काढून घेतले. आधी डोकं वळलं, मग खांदे, मग कंबर, आणि पाय खाली आले. मला फक्त पाय दिसले. गुरुजींनी पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी मला डोकं दिसलं. हवेत धरायला काही नाही, टेकायला काही नाही, आणि ही एवढीशी जात स्वतःला अधांतरी पिळून सरळ करते. माई ओट्यावरून ओरडल्या, "पुरे झाला, तिला आपटतोय म्हातारा." अकरा मात्र पेंढ्यात बसून अंग चाटत होती.

मग दोन फळ्या जवळ आणून त्यांनी फट केली आणि पलीकडे सुका बोंबील ठेवला. अकरा आली, फटीत तोंड घातलं, दोन्ही बाजूंच्या मिशा फळ्यांना लागून किंचित वाकल्या आणि ती आत शिरली. गुरुजींनी फळ्या आणखी बोटभर जवळ आणल्या. मिशा वाकल्या त्या पार गालाला टेकल्या. तिनं तोंड काढून घेतलं आणि बोंबलाकडे पाठ करून बसली. हट्ट नाही, झटापट नाही. "गाभण असताना मात्र अडकली होती एकदा," गुरुजी म्हणाले. "पोट वाढलं, मिशा होत्या तेवढ्याच. माप चुकलं. तीही नोंद आहे."

भाताच्या कणग्यापुढे ती सकाळभर बसली होती, एकही डोळा न मिटता. मी कणग्याला कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. तिचे कान मात्र कणग्यातल्या कशाच्या तरी मागे मागे फिरत होते, थोडे खाली, मग थोडे डावीकडे. दुपारी कणग्याच्या मागल्या बाजूनं उंदीर निघाला. मी बघेपर्यंत ती तिथे होती. कशी पोचली हे मी सांगू शकत नाही, कारण तिला उठताना मी पाहिलंच नाही.

पण मला हलवलं ते राखेनं. गुरुजींनी चुलीतली चाळलेली राख पडवीत पसरली आणि अकराला पलीकडून हाक मारली. ती राखेवरून चालत आली. "आता पाय मोज," ते म्हणाले. मी वाकले. चार पायांचं जनावर चालून गेलं आणि ठसे दोन पायांचे होते. पुढचा पाय जिथे पडला, मागचा पाय नेमका त्याच खळग्यात. एकही ठसा दुहेरी नाही, एकाचीही कड फाटलेली नाही.

ह्याची किंमत माझ्याइतकी कुणाला कळणार? दोन रंगांची पत्रिका छापायची तर कागद मशीनवर दोनदा जातो. आधी लाल, वाळला की सोनेरी. दुसरा रंग पहिल्याच्या कडेवर केसभरही न सरकता बसला पाहिजे. ह्याला आम्ही रजिस्टर म्हणतो. मी सतरा-अठरा वर्षं त्यासाठी डोळे फोडले, पिना लावल्या, कागद ठोकून ठोकून रचले, तरी शंभरातल्या दहा पत्रिकांत गणपतीचा मुकुट बाजूला सरकायचा. आणि ही न बघता, न थांबता, राखेतून सहज चालत आली होती. मी खाली बसून ठशाच्या कडेला नाक लावलं. माईंना वाटलं, मला चक्कर आली.

"मागं बघतही नाही ती," गुरुजी म्हणाले. "पुढच्या पायाची जागा मागच्या पायाला कशी कळते? कारण—"

"कळले नाही," मी म्हटलं. ह्या वेळी मला हसू आलं नाही.

निघण्याआधी मी कामाचं बोलले. गुरुजी घरात कसे वावरतात ते मी दिवसभर बघत होते. एक हात भिंतीला. भिंत सुटली की ते थांबायचे, सापडली की पुढे. मी त्यांच्या वहीतलं एक कोरं पान घेतलं, समासाची लाल रेघ स्केचपेननं गिरवून बोटाएवढी जाड केली आणि तिच्याशेजारी ठळक, मोठ्या अक्षरांत चार छोट्या ओळी लिहिल्या. ओळीत तीन-तीनच शब्द. बाकी सगळं कोरं. पान खिडकीच्या उजेडात धरलं. गुरुजींची नळी रेघेवर आली, पहिली ओळ त्यांनी वाचली, परत रेघेवर आले, दुसरी वाचली. चारही वाचल्या. मग म्हणाले, "ही भिंत झाली गो. असं कर. एवढंच कर."

इथे मी थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मराठी अक्षरांची तेव्हा अडचण होती. ज्याच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नाही त्याला कचरा दिसायचा. म्हणून प्रत्येक नोंदीचं चित्र करून चढवायचं आणि फोनच्या लाइनवर ते एकेक तुकड्यानं उतरताना बघत बसायचं. त्यात भारनियमन. तरीसुद्धा लाल रेघ आणि चाळीस नोंदी हे दोन दिवसांचं काम होतं. फार तर तीन.

पण माझ्या डोळ्यांपुढून राख हलत नव्हती. मला वाटलं, पानाच्या कडेनं अकराची पावलं चालवावीत. पुढच्या पायाचा ठसा लाल, त्यावर मागच्याचा सोनेरी, अगदी बरोबर बसलेला, केसभरही न सरकलेला. जे मला मशीनवर कधी पक्कं साधलं नाही ते काचेवर साधेन. आणि ते कल्याणच्या सरांना दाखवीन. गुरुजींनी 'एवढंच कर' म्हटलेलं मी ऐकलं होतं. मला ते पुरेसं वाटलं नाही, एवढंच. पानाची उजवी बाजू कोरी राहणार ह्यानं माझी झोप उडाली होती. एकेक पाऊल मी ठिपका ठिपका करून रंगवत होते. रविवारी क्लासला नेऊन दाखवत होते. सरांनी एकदा मान हलवली, मग मी आणखी बारीक करायला घेतलं.

गुरुजींचा फोन यायचा, गावातल्या दुकानातून. "झालं का गो?"

"होतंय गुरुजी. चांगलं होतंय."

तीनदा आला. चौथ्या वेळी माई बोलल्या. "सुमन, लवकर कर," एवढंच, आणि फोन ठेवला. त्या आवाजानं मला भानावर आणलं. सगळी पावलं मी उडवली. लाल रेघ ठेवली, अक्षरं मोठी केली. दोन दिवस लागले. होळी होऊन चार दिवस झाले होते.

दोघं आली. माईंनी गुरुजींना खुर्चीपर्यंत आणलं, त्यांचा हात टेबलाच्या कडेला नेऊन ठेवला. मी पहिलं पान आधीच उतरवून ठेवलं होतं.

"दिसतंय का गुरुजी?"

"दिसतंय गो. तुझी रेघ लांबूनच दिसली."

आणि त्यांनी नोंद एक वाचली. शाळेत वाचावी तशी, स्वच्छ, प्रत्येक विरामाला थांबत. माझी छाती फुगली. मी पुढचं पान लावलं. लाइन त्या दिवशी फार मंद होती. रेघ आली, रेघेशेजारी सगळं पांढरं. मी तोंड उघडणार होते, की थांबा गुरुजी, अजून यायचंय, तेवढ्यात त्यांनी दुसरी नोंद वाचायला सुरुवात केली. "मांजर क्रमांक तीन. फटीतून जाण्याआधी..."

मी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर एक अक्षर नव्हतं. मी माईंकडे बघितलं. त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या.

गुरुजी कोऱ्या काचेवरून वाचत राहिले. एकही शब्द चुकला नाही. मी कॉम्प्युटरचा उंदीर दाबत राहिले, म्हणजे त्यांना आवाज ऐकू यावा आणि पान बदललं असं वाटावं. "आता शेवटची लाव," ते म्हणाले. लावली. चाळिसावी नोंद वाचून झाली. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. तोंड काचेकडेच ठेवून, त्याच आवाजात ते पुढे म्हणाले, "नोंद एक्केचाळीस."

वहीत एक्केचाळीस नव्हती. मी हाताशी आलेलं पत्रिकेचं प्रूफ उलटं केलं आणि पेन्सिल घेतली.

"मांजर क्रमांक अकरा. माघ पौर्णिमेपासून निरीक्षकाला उजेडाखेरीज काही दिसत नाही. त्या दिवसापासून मांजर पहाटे खाटेखाली येऊन बसते. निरीक्षक उठला की हातभर अंतर ठेवून पुढे चालते. उंबऱ्याशी थांबते. निरीक्षकाचा पाय अंगाला लागल्यावर मगच उंबरा ओलांडते. पूर्वी हे मांजर आवाज करीत नसे. आता पायरी आली की एकदा आवाज करते. सपाट जागी करीत नाही. तिला हे कुणी शिकवलेले नाही. अठ्ठावीस वेळा पाहिले."

ते थांबले. "पाहिले नको गो. अनुभवले कर."

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. नोंदीत खोटं घालायची त्यांना सवयच नव्हती. माझ्यासाठी ते चाळीस नोंदी वाचल्यासारखं करत बसले, पण एक्केचाळिसाव्या नोंदीत त्यांना तिथी खोटी सांगता आली नाही. मी मनाशी मोजलं. माघ पौर्णिमेला मी क्लासहून परतले होते आणि सरांनी मान हलवली म्हणून पावलांना सोनेरी कड लावत बसले होते. त्याच्या तीन आठवडे आधी गुरुजी खिडकीत उभे राहून माझ्या चार ओळी वाचत होते. मला रडू आलं आणि मी ते आवाज न करता रडले. माईंनी ते बघितलं. गुरुजींनी बघितलं नाही, पण त्यांना कळलं असणार.

"सुमन," ते म्हणाले, "ती पौर्णिमा तेवढी काढ. नोंदीला तिची गरज नाही."

"बरं," मी म्हटलं.

स्टँडवर गाडी लागली होती. मी हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. सीटवर बसल्यावर खिडकीतून त्यांनी पुन्हा बजावलं, "पौर्णिमा काढ हां गो." मी पुन्हा हो म्हटलं.

दुकानात येऊन मी एक्केचाळिसावी नोंद बसवली. मोठ्या अक्षरांत, लाल रेघेशेजारी, पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर. 'पाहिले'चं 'अनुभवले' केलं. पौर्णिमा काढली नाही.